चार वाजता वाजलेलं घड्याळ

मुलींना पाढे म्हणायला लावून मंदाकिनी फळ्याकडे वळली, तेवढ्यात वर्गाच्या दारात पोलिसाची पगडी दिसली. पाढा मधेच अडखळला.

"बेन, चालो," शिपाई खालच्या आवाजात म्हणाला. "साहेब बोलावे छे. तुमच्या भावाला चौकीवर बसवलाय."

बसवलाय म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. हातातला खडू तिनं फळीवर ठेवला. पण खडू कुठं ठेवला हे तिला नंतर कधीच आठवलं नाही.

हेरंब तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो पाळण्यात होता, आणि मंदाकिनी कुंकू पुसून माहेरी परत आलेली. दोघं एकमेकांच्या आधारानं वाढली, भिंतीच्या चिरेत उगवलेल्या दोन रोपांसारखी. घडियाळी पोळ नावाच्या गल्लीत त्यांची एक खोली होती. हेरंब घड्याळं दुरुस्त करी, आणि बडोद्यातल्या मोठ्या घरांत आठवड्याच्या ठरल्या वारी जाऊन घड्याळांना चावी देई. कुणाच्याही दिवाणखान्यात त्याला मज्जाव नव्हता.

चौकीत तो जमिनीवर गुडघे मिठीत घेऊन बसला होता. चाव्यांची पिशवी फौजदाराच्या मेजावर उपडी केलेली.

फौजदार सुभानराव मिशीवरून हात फिरवत उठले. त्यांची मुलगी चिमणा मंदाकिनीच्याच वर्गात होती, त्यामुळे आवाज आपोआप मऊ झाला. त्यांनी सांगितलं ते असं.

बाबाजीपुऱ्यातले जयवंतराव सरदार याच आठवड्यात वारले. त्यांच्या दिवाणखान्यात एक विलायती टेबलघड्याळ होतं. काळ्या लाकडाचं, वर पितळी मूठ, दर पाव तासाला घंटांची किणकिण आणि तासाला पुरी धून. त्यांच्या आजोबांना लष्करी कामगिरीबद्दल एका गोऱ्या साहेबानं दिलेलं. आजारपणात जयवंतरावांनीच ते विकायला काढलं होतं. मुलगी इंदिरा हुशार, तिला मुंबईला डॉक्टरीण करायची, आणि घरात विकण्याजोगं दुसरं काही उरलं नव्हतं. मुंबईचे एक पारशी शौकीन तेराव्यानंतर ते बघायला येणार होते. काल दिवेलागणीला गडी दिवा लावायला गेला, तर टेबल मोकळं.

हे घड्याळ मंदाकिनीनं डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, पण ते तिला पाठ होतं. गिऱ्हाइकाला कसं दाखवायचं याची हेरंबनं घरी तालीम केली होती. "घंटा आठ, ताई. धुनी चार. आणि वरच्या कमानीतला चिमुकला काटा फिरवला की हवं तेव्हा मुकं. साहेबलोकांच्या घरी कुणी आजारी असलं की तसं करतात." सांगताना त्याचे डोळे असे लकाकत की जणू घड्याळ त्याचंच.

"काल हेरंबचा त्या घरचा वार होता," सुभानराव म्हणाले. "बोळातल्या बाजूच्या दारानं तो दिवाणखान्यात गेला. बाहेर आला तो शेजाऱ्यांनी पाहिला. त्यानंतर घड्याळ नाही."

"त्याच्या हातात घड्याळ पाहिलं कुणी?"

"नाही. म्हणून तर साथीदाराचं नाव विचारतोय. हा बोलत नाही."

"मी विचारू? तुमच्यासमोर."

त्यांनी मान हलवली. मंदाकिनी भावाजवळ बसली.

"किती वाजता गेलास?"

"चार वाजून गेले होते."

"घड्याळ होतं?"

"नव्हतं. टेबल रिकामं होतं."

"मग कुणाला विचारलं का नाहीस?"

"वाटलं, आधीच कुणाला विकलं गेलं. माणूस जाऊन आठवडा नाही झाला, त्या घरात जाऊन घड्याळ कुठं गेलं म्हणून विचारू?"

"निघताना कुणाला सांगितलंस?"

हेरंबनं पहिल्यांदा वर पाहिलं. "दुखवट्याच्या घरातून निघताना 'येतो' म्हणतात का, ताई? तूच शिकवलंस."

सुभानराव खाकरले. रिवाज त्यांनाही ठाऊक होता. पण पुरावा दुसराच बोलत होता. जयवंतरावांचे भाचे प्रतापसिंहराव, बडोद्याजवळच्या अकोट्याचे, मोठा माणूस. मामांच्या घरचं सारं तेच बघत होते. काल ओटल्यावर, दारापुढच्या ओट्यावर, समाचाराला आलेल्यांत ते बसले होते. चार वाजता आत घड्याळ वाजलं, सबंध धून झाली, त्यांनी खिशातलं घड्याळ त्याच्याशी लावून घेतलं. बरोबरच्यांनीही हो म्हटलं. म्हणजे चारला घड्याळ जागेवर. नंतर आत गेला तो एकटा हेरंब.

"घरातल्या बाईंना विचारलंत?"

"जिजाबाईंना? नवरा गेला म्हणून कोपऱ्यात बसलेल्या बाईला मी पुरुषमाणूस काय विचारणार? त्यांच्या वतीनं भाचेसाहेबच बोलतात." त्यांनी नजर चुकवली. "उद्या सकाळी न्यायाधीशांपुढं उभा करायचा. माल दुसऱ्या कुणाकडे सापडला नाही तर शिक्षा टळत नाही, मंदाताई."

ती उठली तेव्हा हेरंबनं तिच्या पदराचं टोक धरलं. लहानपणी अंधारात धरी तसं.

"सुटलो तरी काय गं? आपला धंदा चावीचा नाही, उंबरठ्याचा. कोण आत घेईल मला आता?"

तिनं पदर सोडवून घेतला आणि निघाली. बाहेर ऊन तापलं होतं, आणि तिच्या हातात उद्या सकाळपर्यंतचा वेळ होता.

बाबाजीपुऱ्यातल्या त्या घराच्या ओटल्यावर सतरंजी अंथरली होती. प्रतापसिंहराव तक्क्याला टेकून बसले होते. जरीकाठी उपरणं, कानात अत्तराचा बोळा.

"समाचाराला आलात, की रदबदलीला?" त्यांनी विचारलं. बसलेल्यांत कुणीतरी हसलं.

"समाचाराला. रदबदलीला येणारी माणसं पुढच्या दारानं येत नाहीत."

 सुस्कारा टाकून ते म्हणाले की मामीसाहेबांना फार बोलायला लावू नका, त्या आतून मोडल्यात. मंदाकिनीनं रीतीप्रमाणे विचारलं, आपल्यालाही सुतक असेल.

"भाच्याला मामाचं सुतक ते किती? केव्हाच फिटलं. परवा तर आमच्याकडे सत्यनारायण झाला. पण रक्ताची ओढ, रोज येतो. इथं सुतकात चूल पेटत नाही, सकाळचं जेवण टोपलीनं अकोट्याहून येतं."

ओटला ऐकत होता आणि माना डोलवत होता. मोठ्या माणसानं बोलावं आणि ओटल्यानं डोलावं, अशी बसण्याची पद्धतच होती.

मंदाकिनी आत गेली. मधल्या खोलीत जिजाबाई भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. पांढऱ्या लुगड्यात, दिवस उगवला तरी मालवायचा राहिलेल्या दिव्यासारख्या. मंदाकिनी समोर बसली. अशा घरी आपण आधी बोलायचं नसतं. 

झोपाळा भिंतीला टेकवून ठेवला होता, त्याच्या पितळी कड्या काढलेल्या. कोपऱ्यातल्या जात्यावर धूळ. तिला आईची ओवी आठवली. दळताना आई म्हणायची, आणि म्हणता म्हणता तिचा हात जड व्हायचा.

दुःख आलं घरा, जातं झालं मुकं,
उंबऱ्याला धुकं, दाटलेलं.

बऱ्याच वेळानं जिजाबाई बोलल्या. मंदाकिनीशी नव्हे, समोरच्या रिकाम्या जागेशी.

"हे गेले त्या दिवशी सगळे रडत होते. मला रडू आलं नाही. मी उठले नि घरभर फिरले. देवघर लावलं. घंटा आडवी ठेवली. झोपाळ्याच्या कड्या किणकिणतात, त्या काढल्या. घरात वाजणारं म्हणून जे जे होतं ते सगळं मी माझ्या हातानं गप्प केलं. म्हटलं, सुतक फिटेस्तोवर या घरानं बोलू नये."

"सगळं?" मंदाकिनीनं विचारलं.

"सगळं."

जिजाबाईंची नजर भिंतीकडे गेली. त्या भिंतीपलीकडे दिवाणखाना होता.

 मंदाकिनीनं अगदी हळू आणखी एक प्रश्न विचारला. जिजाबाईंनी होकाराची मान हलवली. त्यांनीच मग विचारलं, "का हो मास्तरीणबाई? तुम्ही अशा पांढऱ्या का पडलात?"

त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. घड्याळ गेलं एवढंच कळलं होतं, हेरंबला धरल्याचं नाही. मंदाकिनीनं सांगितलं. जिजाबाईंच्या ओठांवर पदर गेला. लग्न होऊन आल्यापासून ज्या आवाजावर त्यांचा दिवस उगवला आणि मावळला, त्याला दर आठवड्याला जागं ठेवणारा तो मुलगा. त्यांनी त्याला कधी हाक मारली नव्हती, पण त्याच्या पावलांचा वार त्यांना ठाऊक होता.

पाणी प्यायला मंदाकिनी स्वयंपाकघरात गेली. तिथं इंदिरा होती, रडून डोळे सुजलेले. कोनाड्याखाली पितळी भांड्यांची चळत उपडी होती, घासून लख्ख. काठांवर ठिपक्यांनी कोरलेलं नाव प्रतापसिंहरावांचं होतं.

"ही इथं कशी? दुखवट्याच्या घरी नेलेली भांडी ठेवत नाहीत ना?"

"रोज त्याच टोपलीतून परत जातात," इंदिरा म्हणाली. "काल मात्र प्रतापदादा म्हणाले, गडी घाईत आहे, भांडी राहू दे, टोपली तेवढी नेऊ दे. आज दुसऱ्या भांड्यांतून आलं जेवण."

"टोपली केवढी असते?"

इंदिरानं दोन्ही हात पसरून दाखवलं.

मंदाकिनी तशीच निघाली. कुणाला येते म्हणाली नाही.

सुभानरावांनी सारं ऐकून घेतलं आणि चाव्यांची पिशवी बाजूला सारली.

"बायकांच्या बोलण्यावरून मी मोठ्या माणसाच्या घरात शिरू? महाराज विलायतेत आहेत म्हणून काय राज्यात कुणी वरिष्ठ नाही? चूक निघाली तर माझी पगडी जाईल."

"माझा भाऊ जाईल," मंदाकिनी म्हणाली.

कोठडीतून खोकल्याचा आवाज आला आणि थांबला. थांबल्यावर जास्त भीती वाटली.

"वर्गात चिमणाचं काही हरवलं, तर मी आधी गरीब घरच्या मुलीचं दप्तर तपासत नाही," ती म्हणाली. "सगळ्यांची तपासते. तुम्हीही एवढंच करा. ओटल्यावर बसलेल्या माणसाचंही दप्तर उघडा."

सुभानराव उठले. झडतीचा हुकूम मिळवायला ते स्वतः गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, न्यायालय उघडायच्या आधी, सगळे त्या दिवाणखान्यात जमले. रिकाम्या टेबलावर धुळीत एक चौकोन स्वच्छ राहिला होता. हेरंबला बेडी घालून भिंतीशी उभं केलं होतं. आतल्या दाराला पडदा होता, पडद्यामागे जिजाबाई. प्रतापसिंहराव खुर्चीवर.

"पुन्हा सांगा," सुभानराव म्हणाले. "परवा चार वाजता काय झालं?"

"किती वेळा सांगायचं? घड्याळ वाजलं."

"नक्की?"

"धून झाली, मग चार ठोके पडले. मी खिशातलं घड्याळ लावून घेतलं."

"आणि तुम्ही?" त्यांनी ओटल्यावरच्या मंडळींना विचारलं. एकजण पुटपुटला, वाजलं असेल, वाजतंच की ते रोज. दुसऱ्यानं मान डोलावली.

सुभानराव मंदाकिनीकडे वळले. "बाई, तुम्ही बोला."

वर्गात बोलायची तिला सवय होती. तरी तिनं आधी भावाकडे पाहिलं. हेरंब तिच्याकडे बघत नव्हता. तो त्या धुळीतल्या चौकोनाकडे बघत होता.

"परवा चार वाजता हे घड्याळ वाजलं नाही," ती म्हणाली. "ते वाजणं शक्यच नव्हतं. सुतकात घरात घंटा वाजवत नाहीत. जयवंतराव गेले त्या दिवशी बाईसाहेबांनी देवघरातली घंटा आडवी ठेवली, झोपाळ्याच्या कड्या काढल्या, आणि या घड्याळाच्या कमानीतला चिमुकला काटा फिरवून त्यालाही मुकं केलं. त्या दिवसापासून ते चालत होतं, बोलत नव्हतं."

ती सुभानरावांकडे वळली.

"हेरंबला हे माहीत नव्हतं. त्याची आधीची फेरी मृत्यूच्या आधीची. परवा तो आला तेव्हा घड्याळच नव्हतं, काटा बघणार कुठून? बाईसाहेबांना ठाऊक होतं, पण त्यांना कुणी विचारलं नाही. ओटल्यावरच्या मंडळींना मी खोटं म्हणत नाही. वर्षानुवर्षांचा आवाज कान ऐकत नाहीत, मन ऐकतं. मोठ्या माणसानं ऐकला म्हटल्यावर त्यांनाही ऐकू आला."

"आणि मला?" प्रतापसिंहराव हसले. "मलाही मनानंच ऐकू आला म्हणा."

"तुम्ही नुसता ऐकला नाहीत. खिशातलं घड्याळ त्याच्याशी लावलंत. न झालेल्या आवाजाशी घड्याळ लावता येत नाही, प्रतापसिंहराव. तुम्हाला चारपर्यंत घड्याळ इथं हवं होतं, कारण ते सकाळीच गेलं होतं. तुमचं सुतक केव्हाच फिटलं. तुमच्या घरी सत्यनारायणाच्या घंटा वाजल्या. म्हणून या घराचं सुतक अजून चालू आहे आणि इथं काहीच वाजत नाही, हे तुमच्या ध्यानातून गेलं."

पडद्यामागून जिजाबाईंचा आवाज आला. घरातल्या पुरुषांनी तो इतक्या स्पष्टपणे पहिल्यांदाच ऐकला असेल.

"काटा मीच फिरवला. देवाची घंटा गप्प, मग या विलायती घंटेला सूट कशी?"

"कसं नेलं मी?" प्रतापसिंहरावांचा आवाज चढला. "उपरण्यात बांधून?"

"टोपलीत," मंदाकिनी म्हणाली. "दुखवट्याच्या घरच्या जेवणाच्या टोपलीवरचं फडकं कुणी उचलून बघत नाही. भांडी स्वयंपाकघरात रिकामी झाली, आणि तुम्ही ती तिथंच ठेवायला सांगितलीत. रिकामी टोपली या खोलीत आली, त्यात घड्याळ बसलं, फडकं पडलं, आणि गडी बोळातून निघून गेला. भांडी राहिली आणि टोपली गेली. अशा घरी हे कधी होत नाही. टोपलीत जागा नव्हती म्हणूनच झालं."

सुभानरावांनी दाराकडे खूण केली. शिपायानं एक मोठी वेताची टोपली आत आणून खाली ठेवली. तिच्यात गवताच्या काड्या चिकटल्या होत्या.

"अकोट्याच्या तबेल्यात वैरणीखाली सापडली," ते म्हणाले. "गड्यानं सगळं कबूल केलंय."

फडकं काढलं. काळं लाकूड, पितळी मूठ. उचलताना लंबक अडकून ते थांबलं होतं, काटे सकाळच्या जेवणाच्या वेळेवर. वरच्या कमानीतला चिमुकला काटा मुकेपणाकडे वळलेला, जसा जिजाबाईंनी वळवला होता तसाच. त्याला कुणी हातही लावला नव्हता.

प्रतापसिंहराव उठले नाहीत. खुर्चीच्या हाताकडे बघत ते बोलले. "ते माझ्याही आईच्या माहेरचं. तिनं डोळे मिटताना त्याची आठवण काढली. आणि ते एका पारशाला विकायचं, मुलीच्या शिकण्यापायी." मग हेरंबकडे न बघता म्हणाले, "घड्याळजीचं पोर. आज ना उद्या सुटलाच असता."

पडदा हलला.

"घड्याळ तुझ्या आईच्या माहेरचं, मान्य," जिजाबाई म्हणाल्या. "आणि तेही कुणाचं तरी पोर आहे, हे ध्यानात आलं का?"

 बेडी निघाली तेव्हाचा आवाज एवढाच त्या खोलीतला आवाज होता. हेरंबनं मनगट चोळलं नाही. तो कुणाकडे न बघता बोळाच्या दारानं बाहेर पडला.

तो सुटला, पण घरी आला नाही असंच म्हणायला हवं. खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राही. चाव्यांची पिशवी खुंटीवर. एका घरानं निरोप धाडला, सध्या येऊ नका. दुसऱ्यानं निरोपही धाडला नाही. मंदाकिनी त्याच्यापुढं ताट ठेवी आणि उचलून नेई. निर्दोष ठरणं म्हणजे पूर्वीसारखं होणं नव्हे, हे तिला आता कळत होतं.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी बाबाजीपुऱ्याहून गडी आला. पारशी शेठ यायचे आहेत, घड्याळ बंद आहे, बाईसाहेबांनी हेरंबला बोलावलंय.

"नको, ताई."

"मी येते बरोबर."

घर आलं. तो बोळाच्या दाराकडे वळला आणि उंबरठ्याबाहेर थबकला. पाऊल उचलेना. "घड्याळ बाहेर आणायला सांग," तो म्हणाला. "मी इथंच बघतो."

आत निरोप गेला.  मग पडदा बाजूला झाला. नव्या विधवेनं दिवाणखान्यात यायचं नसतं, परपुरुषासमोर तर नाहीच. जिजाबाई आल्या. दारापर्यंत आल्या. त्यांच्या तळहातावर घड्याळाची चावी होती.

"हेरंब," त्यांनी पहिल्यांदाच त्याला नावानं हाक मारली. "आत या. तुम्ही बाहेर असाल तर मी ते शेठना दाखवायचं कसं?"

तो आत आला. लंबक मोकळा केला, चावी दिली, काटे जुळवले. हळूहळू त्याचे हात कामात रमले. सगळं झाल्यावर तो बाजूला सरला. कमानीतल्या काट्याला त्यानं हात लावला नाही.

जिजाबाईंनी तो स्वतः फिरवला.

वाट बघावी लागली. शेवटी आत कुठंतरी काही सरकलं, आणि घंटा बोलू लागल्या, एकीमागून एक, दिवसभराच्या बंदीनंतर अंगणात सुटलेल्या मुलींसारख्या. दाराशी इंदिरा रडत उभी होती. जिजाबाईंचेही डोळे वाहू लागले, नवरा गेल्यापासून पहिल्यांदा. 

"विकायचंच आहे," त्या पदरानं तोंड पुसत म्हणाल्या. "त्यांचा शब्द आहे. पण बोलतं विकू. आणि शेठ येतील तेव्हा दाखवायला तुम्हीच हवेत. घंटा आठ, धुनी चार, ते सगळं तुम्हीच सांगा."

हेरंबनं मान हलवली. पिशवी खांद्याला लावली आणि दाराशी गेला. तिथं तो थांबला, वळला.

"येतो, बाईसाहेब," तो म्हणाला. मोठ्यानं, ओटल्यापर्यंत ऐकू जाईल असं.

"या," त्या म्हणाल्या.